ब्रश पुसायचे पुठ्ठे

कुणाच्या घरी भिंतीवर जुनी लाकडी चौकट दिसली की माझे हात शिवशिवतात. ती खाली उतरवावी, उलटी करावी, मागचे खिळे पकडीने उपटावेत आणि आतला पुठ्ठा बघावा असं वाटतं. या वयात दुसऱ्याच्या घरी स्टुलावर चढणं शोभत नाही आणि गुडघेही परवानगी देत नाहीत, म्हणून गप्प बसते. तरी एकदा लांबच्या नातेवाइकांकडे मी त्यांच्या सुनेला हाताशी धरून त्यांचे पणजोबा खाली उतरवलेच होते. पणजोबांच्या पाठीमागून साधा कोरा पुठ्ठा निघाला. दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानातला असणार. मी पणजोबांना परत टांगलं, धूळ पुसली आणि निघाले. मागे काय बोलणं झालं असेल ते मला माहीत आहे.

हे वेड लागलं ते मावशीकडे राहत असताना. मी तेवीस वर्षांची होते आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीला जायचे. तिथलं काम म्हणजे दोन माणसांना तारेने जोडून द्यायचं आणि ती बोलायला लागली की कान काढून घ्यायचा. दिवसाला दोनशे गोष्टींची सुरुवात ऐकायची आणि शेवट एकीचाही नाही. त्यामुळे दोन वाजता सुटले की दिसेल त्याला मी प्रश्न विचारत सुटायचे. मावशीने माझं नावच चौकशीबाई ठेवलं होतं.

मावशी आणि काकांचं चौकटी करायचं दुकान होतं, आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर घर. दुकान लांबट होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे काउंटर, भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या आणि काचा. मधे छताला एक मोठी काच बसवलेली, तिच्याखाली काकांचं टेबल. सगळ्यात मागे एक बेसिन आणि बेसिनवर खिडकी. खिडकीतून गोदामांची पत्र्याची छपरं दिसायची, आणि त्यांच्यामागे चार पायांवर उभी असलेली पाण्याची टाकी.

लोक फोटो आणायचे, प्रमाणपत्रं आणायचे. ज्यांच्याकडे भिंतीवर लावायला काहीच नसायचं त्यांच्यासाठी काका चित्र काढायचे. चित्र एकच, सूर्यास्ताचं. सूर्य वाटीने आखायचा; मोठ्या चित्राला मोठी वाटी, लहान चित्राला लहान. वर आकाशाचे सात पट्टे, पट्टी धरून मारलेले, पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत. खाली पाणी. वर दोन पक्षी. तिसरा का नाही, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, "तिसरा आला की गर्दी होते."

गावात काकांना फूटपट्टी म्हणायचे. काकांना ते माहीत होतं आणि त्यांना ते कौतुक वाटायचं.

रंगाच्या बाबतीत काका भयंकर चिक्कू होते. ट्यूबचं शेपूट किल्लीने गुंडाळत आणायचे आणि पॅलेटवर वाटाण्याएवढा रंग काढायचे. संपला की अजून एक वाटाणा. संध्याकाळी पॅलेटवर जे काही उरेल ते सुरीने खरवडून एका झाकणात जमा व्हायचं. दिव्याच्या उजेडात रंग खोटा दिसतो असं त्यांचं मत होतं, म्हणून वरच्या काचेतला उजेड उतरला की काम बंद. ते पुढे जाऊन पट्ट्या उभ्या करायचे, काचा झाकायचे आणि शटर ओढायला लागायचे. मावशी मागे बेसिनपाशी ब्रश धुवायला जायची.

ब्रश धुण्याआधी त्यातला रंग पुसून काढावा लागतो, नाहीतर टर्पेंटाइन फुकट जातं. त्यासाठी चौकटीतून कापून उरलेले पुठ्ठे होते. मावशी रोज एक पुठ्ठा घ्यायची, त्यावर सगळे ब्रश पुसायची आणि पुठ्ठा माळ्यावरच्या फळ्यांवर वाळत टाकायची. महिन्याभराने तो खडखडीत वाळला की त्याचा उपयोग ठरलेला होता. चौकटीत फोटोच्या मागे जो पुठ्ठा घालतात, तो हाच. रंगाची बाजू आत, म्हणजे भिंतीला डाग नको. मधे एक खाकी कागद, म्हणजे फोटोलाही नको. असे वीस वर्षं ते पुठ्ठे गावभर गेले. लग्नाच्या फोटोंमागे, निवृत्तीच्या मानपत्रांमागे, कुणाच्या आजोबांमागे. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही, आणि मी तर चौकशीबाई.

एका दुपारी दातांची डॉक्टरीण दुकानात आली. तिच्या पदवीच्या चौकटीची काच तडकली होती. बाई पन्नाशीची, आवाज खणखणीत. नवा दवाखाना थाटत होती. काकांनी चौकट उलटी केली, खिळे काढले, पुठ्ठा उचलून काउंटरवर ठेवला, खाकी कागद बाजूला केला आणि पदवी झटकायला लागले.

"हे काय आहे?" डॉक्टरीण म्हणाली.

"तुमची पदवी," काका म्हणाले.

"ती मला माहीत आहे हो. हे काय आहे?"

ती पुठ्ठ्याकडे बघत होती. तो चुकून रंगाची बाजू वर करून पडला होता. काकांनी पाहिलं. "पुठ्ठा आहे. ब्रश पुसायचा."

"ह्यावर सूर्यास्त आहे."

"घाण आहे ती. ब्रश पुसले की होते."

डॉक्टरीण पुठ्ठा हातात घेऊन दोन पावलं मागे गेली. मग आणखी दोन. मीही तिच्या मागे जाऊन उभी राहिले. जवळून नुसते ओढलेले, एकमेकांत घुसलेले रंगाचे फटकारे होते. लांबून तिथे आकाश पेटलं होतं. खाली काळपट छपरं, आणि त्यांच्यावरून कुणीतरी पळत सुटावं तसा केशरी उजेड. काकांच्या सूर्यास्तात कधीच वारा नसायचा. ह्यात होता.

"मला ही घाण मोठ्या मापात पाहिजे," डॉक्टरीण म्हणाली. "चार फूट बाय तीन फूट. छताला लावायची आहे."

"छताला?"

"माझ्या खुर्चीत माणूस आडवा पडतो आणि तोंड उघडं टाकून पाऊण तास वर बघतो. वर काय आहे? ट्यूबलाइट आणि पाल. तिसऱ्या आठवड्यात खुर्ची बसते. तोपर्यंत द्या."

काका आधी दुखावले, मग खुलले. तीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी असं काही मागितलं नव्हतं. ब्रश त्यांचे, रंग त्यांचा, पुठ्ठाही त्यांच्याच दुकानातला, तेव्हा चित्रही त्यांचंच, हा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे केला. "होऊन जाईल," ते म्हणाले.

मावशी शेजारी काच कापत होती. तिचा हिरा काचेवर करकरत होता तो मधेच थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. डॉक्टरीण पुठ्ठा नमुन्यासाठी ठेवून गेली.

काकांनी काय केलं असेल? त्यांनी त्या पुठ्ठ्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाचे चौकोन आखले. चार फुटी प्लायवूडला पांढरा हात मारून त्यावर तेवढेच चौकोन मोठे आखले. आणि एकेक चौकोन घेऊन त्यातला फटकारा, त्याची फाटकी कड, ब्रशच्या केसांच्या रेघा, सगळं बारीक ब्रशने हुबेहूब उतरवलं. आठ दिवस लागले. जवळून बघितलं तर एका केसाचा फरक नव्हता. लांबून बघितलं तर काहीच नव्हतं. एखाद्याच्या खळखळून हसण्याचं कुणी मोजमाप घ्यावं, तसं ते दिसत होतं.

"छान झालंय," मावशी म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पांढरा हात मारला.

मग त्यांनी भराभर काढायचं ठरवलं. टेबलावर घड्याळ ठेवलं. एक मोठा फटकारा मारला, बरा होता. मग त्याची कड जरा वाकडी वाटली म्हणून ती सरळ केली. ती सरळ केल्यावर शेजारची वाकडी दिसायला लागली. अर्ध्या तासात सात पट्टे तयार. सूर्य काढायला वाटी आणायला निघाले आणि वाटेतच थांबले. तसेच उभे राहिले, रिकाम्या हाताने.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. काकांना येत नाही, तर मग ते आलं कुठून? मी माळ्यावर चढले. फळ्यांवर तेवीस पुठ्ठे वाळत होते. एकेक खाली आणला आणि खिडकीपाशी ओळीने लावला. प्रत्येकावर आकाश होतं. आणि दोन सारखे नव्हते.

त्यातला एक उचलून मी खिडकीच्या उजेडात धरला. तो कोणत्या दिवसाचा हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच्या कडेला गडद हिरवा रंग होता. त्या दिवशी काकांनी एका शाळेच्या बारा चौकटी हिरव्या रंगवल्या होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरा रंग बाहेर निघाला नव्हता. पण पुठ्ठ्यावर खाली हिरवट-काळी छपरं होती आणि वर रक्तासारखं लाल आकाश. त्या संध्याकाळी आकाश खरंच तसं होतं. सगळी गल्ली बाहेर येऊन बघत उभी होती. ब्रश जर हिरवे, तर लाल आला कुठून?

दुसरा एक होता, नुसता राखाडी. ढगाळ दिवसाचा. काका राखाडी रंग ठेवतच नसत. कुणीतरी निळा आणि तपकिरी मिसळून तो बनवला होता. ब्रश पुसताना राखाडी आपोआप बनत नाही, चिखल बनतो. मी पुसून बघितलं.

त्या संध्याकाळी मी पट्ट्यांच्या ढिगाऱ्याआड उभी राहिले. वर काचेतला उजेड उतरला. काका पुढे गेले. मावशीने पुठ्ठा नळाला टेकवून उभा केला, ब्रशांचा डबा डाव्या हाताला घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. बघितलं म्हणजे दूध उतू जाईल का म्हणून बघतात तसं, नजर न हलवता. मग तिचा हात सुटला. एक ब्रश, फर्रकन. वर नजर. दुसरा ब्रश. झाकणातला खरवडलेला लाल सुरीच्या टोकावर घेतला आणि थापला. वर नजर. अंगठा. पदराने कपाळ पुसलं. ती कधी ब्रशकडे बघत नव्हती, डब्यात हात घातला की हवा तोच हातात यायचा. शटर खाली आल्याचा आवाज झाला आणि तिने पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला, नळ सोडला आणि साबण घेतला. दहा मिनिटं झाली असतील. नंतर तिच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं, बाई ब्रश धुतेय.

"मावशी," मी म्हटलं.

ती दचकली नाही. "लपायला ती जागा बरी नाही. पट्ट्या अंगावर पडतात."

"हे तू करतेस."

"ब्रश कुणीतरी पुसायलाच पाहिजेत."

"हिरव्या दिवशी लाल कुठून आला?"

मावशी हसली. "तुझं नाक फार लांब आहे हं. नवरा मिळायला त्रास होईल."

"काकांना सांग ना. ते बघ कसे झालेत. परवा जेवताना म्हणाले, माझा हात गेला."

मावशीने नळ बंद केला. "सांगितलं तर काय होईल, सांग बरं. उद्या ते मला दुपारी तीन वाजता स्टुलावर बसवतील, समोर फळी ठेवतील आणि म्हणतील, कर. मग डॉक्टरणीच्या बहिणीला एक पाहिजे असेल. मग तिच्या जावेला. पहाटे पाचपासून माझा दिवस दुसऱ्याचा असतो गं. दुकानाचा, घराचा, तुझ्या काकांच्या पोटाचा. ही दहा मिनिटं तेवढी कुणाची नाहीत. त्यांच्यावर एकदा माप घातलं की ती गेली."

"मग लोकांच्या फोटोंमागे कशाला घालतेस? जपून ठेवायचेस."

"जपून ठेवून काय करू? उद्या नवा असतोच की."

मी कुणाला सांगणार नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. माझ्यासाठी ती मोठीच शिक्षा होती.

पण मावशीलाच ते जमलं नाही. काकांनी त्या आठवड्यात एक चौकट चुकीच्या मापाची कापली. तीस वर्षांतली पहिली. कापलेल्या पट्टीकडे बघत बराच वेळ बसले, मग म्हणाले, "मी डॉक्टरणीकडे जाऊन येतो. सांगतो, माझ्याच्याने होत नाही. वय झालं." आणि चपला घालायला लागले.

"अहो, थांबा," मावशी म्हणाली. "ते तुम्ही केलेलंच नाही, तर होईल कसं? मी केलंय ते."

काका एका पायात चप्पल घालून उभे राहिले. मला वाटलं आता चिडतील. पण ते माझ्यासारखेच निघाले.

"शाळेच्या चौकटींच्या दिवशी लाल कुठून आणलास?" ते म्हणाले. "त्या दिवशी मी लाल काढलाच नव्हता. तो पुठ्ठा माझ्या नजरेत आला होता. मला वाटलं, आपण विसरलो."

"आदल्या दिवशीचं खरवडलेलं होतं झाकणात."

"खरवडलेलं," काका म्हणाले. दुसरी चप्पल घालायची की पहिली काढायची हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी पहिली काढली. "किती वर्षं?"

"लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांनी सुरू झालं असेल. आधी नुसतीच पुसायचे."

त्यापुढे मावशी म्हणाली होती तसंच झालं, अगदी तासही चुकला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता काकांनी पांढरी फळी खिडकीपाशी उभी केली. शेजारी स्टूल ठेवलं. नव्या ट्यूब आणल्या, पॅलेटवर आठ रंगांचे आठ वाटाणे ओळीने काढले, धुतलेले ब्रश मांडले आणि आदराने बाजूला झाले. "कर," ते म्हणाले.

मावशी स्टुलावर बसली. स्वच्छ ब्रश रंगात बुडवला, अगदी टोक. फळीजवळ नेला. परत आणला. पुन्हा नेला. संध्याकाळ झाली, बाहेर आकाश लाल होऊन विझलं, आणि फळीवर एक नारिंगी ठिपका होता.

"होत नाही," ती म्हणाली. "नवा कोरा रंग आहे. वाया गेला तर?"

"जाऊ दे वाया."

"तुम्ही म्हणता जाऊ दे. माझा हात ऐकत नाही. वीस वर्षं तुमच्याबरोबर काढली आहेत, वाया घालवायचं शिकले कुठे?"

त्या रात्री दोघंही कमी जेवले. मावशी मला हळूच म्हणाली, "आता त्या पुठ्ठ्यावरही हात चालायचा नाही. बघ तू." आणि पुढचे दोन दिवस खरंच तसंच झालं. ती बेसिनपाशी ब्रश पुसायची, आणि पुठ्ठ्यावर नुसते पुसलेले ब्रश असायचे. खिडकीबाहेर बघायची नाही. मला फार वाईट वाटत होतं. काउंटरवर तो पुठ्ठा उताणा पडला नसता, किंवा मी गप्प राहिले असते, तर ही दहा मिनिटं तिची तिच्याजवळ राहिली असती.

डॉक्टरणीची खुर्ची बसायला तीन दिवस राहिले होते. मी दोन वाजता घरी आले तेव्हा दुकानाला टर्पेंटाइनचा असा वास येत होता की डोळे चुरचुरले. काका टेबलापाशी उभे होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. त्यांच्यासमोर जुन्या कपाटाचं एक अख्खं दार आडवं ठेवलेलं, आणि त्यावर ते सूर्यास्त काढत होते. सात पट्टे, पट्टी धरूनच. पण प्रत्येक पट्टा हातभर रुंद. दुकानातले सगळे ब्रश बाहेर होते, दारं-खिडक्या रंगवायचे चार बोटं रुंद ब्रशसुद्धा. आणि रंग ते वाटाण्याएवढा काढत नव्हते. ट्यूब मुठीत धरून पिळत होते.

"काका, ही कुणाची ऑर्डर?"

"आहे एकाची."

"एवढं मोठं? कुठे लावणार?"

"चौकशीबाई, काच पुसा."

मावशी काउंटरवर बसून कुणाच्या तरी बाळाच्या फोटोला खळ लावत होती. दर थोड्या वेळाने मान वळवून बघायची आणि तिच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघायचं. तिला वाटलं, काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मलाही वाटलं.

वरच्या काचेतला उजेड उतरायला लागला. काकांनी वाटीऐवजी परात ठेवून सूर्य आखला, दोन पक्षी काढले आणि हात पुसले. डब्यात सतरा ब्रश उभे होते, मुळापर्यंत रंगाने निथळणारे. पॅलेटवर रंगाचे ढीग होते. काकांनी डबा बेसिनपाशी नेऊन ठेवला, पॅलेटही. मग ती चार फुटी पांढरी फळी उचलून नळाला टेकवून उभी केली.

"अगं, ब्रश धुवून टाक. वाळले तर फुकट जातील," ते म्हणाले. "आणि पुठ्ठे संपलेत. ह्याच्यावर पूस."

पुठ्ठ्यांचा गठ्ठा तिथेच, त्यांच्या पायाशी होता, चांगला गुडघाभर उंच. त्याच्याकडे न बघता ते पुढे गेले.

मावशी उठली. बेसिनपाशी जाऊन आधी डब्याकडे बघितलं, मग पॅलेटकडे, मग पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे. मग टेबलावरच्या त्या भल्यामोठ्या सूर्यास्ताकडे. "दिवसभर ह्यासाठी," ती पुटपुटली. "बाई गं, केवढा रंग घालवला ह्या माणसाने." आणि खिडकीबाहेर बघितलं.

पाण्याच्या टाकीच्या दोन पायांमधे सूर्य आला होता. तिने सगळ्यात रुंद ब्रश उचलला आणि डावीकडून उजवीकडे एका दमात ओढला. मनगट हललंच नाही. खांद्यापासून अख्खा हात गेला, चादर झटकताना जातो तसा. नारिंगीवर पिवळा, पिवळा ओला असतानाच त्यात जांभळा. दोन ब्रश एका मुठीत धरून ओढले. पॅलेटवरचा लाल सुरीने उचलून थेट थापला. तो ओघळायला लागला तेव्हा त्याला अंगठ्याने वर लोटलं. एक ब्रश उलटा धरून त्याच्या दांड्याने ओल्या रंगात ओरखडे काढले, आणि छपरांचे पत्रे दिसायला लागले. मग चिंधी घेतली आणि मधला सगळा रंग एका फटक्यात पुसून टाकला. खालची पांढरी फळी लखकन निघाली. तोच सूर्य. मी तिच्याकडे बघू की फळीकडे की आकाशाकडे, मला कळेना. आकाश तिकडे बदलत होतं आणि ती त्याच्यामागे धावत होती.

एवढ्यात पुढे शटरचा आवाज झाला. रोज त्या आवाजाला ती थांबायची. तिचा हातही क्षणभर अडकला. पण शटर पुन्हा वर गेल्याचा आवाज आला. मग पुन्हा खाली. पुन्हा वर. मी पुढे जाऊन बघितलं. काका आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि शटर वर-खाली करत होते. समोरचा घड्याळवाला विचारत होता, "अडकलं काय हो?"

"तेल घालायला पाहिजे," काका म्हणाले आणि परत वर ढकललं.

अंधार पडेपर्यंत त्यांनी शटर लावलं नाही, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. शेवटी बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी ते खाली ओढून कुलूप घातलं.

मागे आल्यावर ते फळीसमोर उभे राहिले. चार पावलं मागे गेले. मग म्हणाले, "क्षितिज वाकडं आहे."

"आहे," मावशी साबणाने हात चोळत म्हणाली.

"राहू दे," काका म्हणाले.

डॉक्टरणीच्या छताला ते कितीतरी वर्षं होतं. ओला रंग वाळायच्या आधीच उलटं टांगल्यामुळे पहिल्याच पेशंटच्या शर्टावर एक लाल थेंब पडला आणि तो रक्त समजून ओरडला, असं ती सांगायची. चित्रात खाली कोपऱ्यात एक काळी आकृती होती. मावशीने सगळ्यात शेवटचा मळका ब्रश तिथे टेकवला होता. पाण्याची टाकी होती ती. काही लोक म्हणायचे जहाज आहे, आणि डॉक्टरणीच्या मते ती उपटलेली दाढ होती. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मी त्याच्याखाली आडवी पडून होते. तोंडात तिचे दोन्ही हात, त्यामुळे आयुष्यात प्रथमच पाऊण तास मी काहीही विचारू शकले नाही. नुसती बघत होते.

पुढे डॉक्टरणीच्या बहिणीने एक मागितलं. मग एका वकिलाने. काका त्यांना सात पट्ट्यांचे सूर्यास्त दाखवायचे. नाही, तसलं छतावरचं, असं ते म्हणाले की काका शांतपणे सांगायचे, "ते आता होत नाही. पुठ्ठे संपले." यापुढे कुणालाच काय विचारावं ते कळायचं नाही.

मावशी पुन्हा रोज पुठ्ठ्यावर ब्रश पुसायला लागली. ते पुन्हा वाळून लोकांच्या फोटोंमागे जायला लागले. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या दोघांच्या फोटोला चौकट मावशीनेच केली. घरी नेल्यानेल्या मी ती उघडली. आत तो राखाडी पुठ्ठा होता. मी तक्रार केली तर म्हणाली, "तो मला सगळ्यात आवडतो. तो बनवायला किती त्रास पडला होता."

सासरी जायच्या आधीच्या महिन्यात माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. संध्याकाळी पॅलेटवर आता चांगला सुपारीएवढा लाल उरायचा. कधी पिवळाही. काका दिवसभर हिरव्या नाहीतर काळ्या चौकटी रंगवत असले तरी तो लाल तिथे असायचाच, ताजा.

"काका," मी एकदा विचारलंच, "हल्ली तुम्ही लाल फार काढता."

"हात थरथरतो आता," ते म्हणाले. "दाबलं की जास्त येतो."

आणि पट्टी न घेता त्यांनी चौकटीच्या कडेने एक बारीक सोनेरी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती कुठे केसभरही हलली नव्हती.